इमान माझं नाही

"मास्तर, खाली या. खाली या अन् सांगा मले, हे इमान कोनाचं हाय?"

घरमालक बाबाराव अंगणातल्या पेरूखाली उभे राहून ओरडत होते. त्यांच्या दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसं, माझं विमान होतं. वीतभर लांब, हिरवं, पंखांवर पांढरी चंद्रकोर आणि चांदणी. पासष्टचा सप्टेंबर, अकोला, रविवारची सकाळ. सरहद्दीवर लढाई पेटली होती, आणि आमच्या अंगणात अर्धी गल्ली जमली होती. मी गच्चीवर दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून जिना उतरलो. पायऱ्या किती होत्या ते विचारू नका — एरवी मी शंभर सांगितल्या असत्या.

इथं जरा थांबतो. मनातल्या मनात मी या जिन्यापर्यंत पुष्कळदा आलोय आणि दरवेळी इथूनच मागे फिरलोय. मला ओळखणारे हसतील — हा माणूस आणि गोष्ट सांगताना अडखळतो? माझ्या गोष्टीतला वाघ मेळघाटातून निघून बडनेऱ्याच्या फलाटावर तिकीट काढायचा. रुपयातले बारा आणे माझ्या पदरचे आहेत हे लोकांना ठाऊक असायचं, तरी हॉटेलात सरकून बाकावर जागा द्यायचे. पण ही गोष्ट जशी घडली तशी मी कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दुसऱ्या तऱ्हेनं सांगितली — किती जणांना, देव जाणे. तेही येईल पुढे. येऊ द्यावंच लागेल.

मी मूळचा अमरावतीचा, अकोल्याला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. बाबारावांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती, आणि सोबतीला गवई होता. अंजनगावकडचा, माझ्याहून थोडा लहान, एका सरकारी कचेरीत तात्पुरता कारकून. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला होता, आणि त्याला खोली देताना अकोल्यातल्या निम्म्या घरमालकांची खोली अचानक भरलेली निघायची. मी बाबारावांना सांगितलं, हा माझ्या आजोळचा माणूस, याच्याशिवाय मला झोप लागत नाही. बाबारावांनी नाक मुरडलं, पण मी देशमुखांचा. माझ्या शब्दावर राहू दिलं. माझ्या शब्दावर — हे लक्षात असू द्या. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटायचा. गवईलाही मी तो अधूनमधून वाटून द्यायचो.

आता विमानाचं. माझा मामेभाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं विलायतेहून दोन खोकी आणली होती. आत प्लास्टिकचे बारीक तुकडे, एका चौकटीला बोरांसारखे लटकलेले; ते सुटे करायचे, ट्यूबमधल्या डिंकानं जोडायचे, की चित्रातल्यासारखं जेट तयार. एका खोक्यात सरळ नाकाचं लढाऊ जेट, दुसऱ्यात त्रिकोणी पंखांचं. पण चित्रात आहे तसंच करायचं, तर त्यात माझं काय राहिलं? मी एकाचं धड घेतलं, दुसऱ्याचे पंख घेतले आणि जगात कुठेच नसलेलं विमान बांधायला बसलो. आपल्या देशानं असं बांधलं असतं तर — एवढाच खेळ. पंख धडाला बसेनात. फटीत रंगारी भरतात ती लांबी भरली, आणि वाळल्यावर काचकागदानं घासायचं काम गवईनं केलं. त्याचा हात माझ्यापेक्षा शांत. पंखांवरची तीन रंगांची वर्तुळं त्यानंच काढली, श्वास रोखून. मग कंदिलापुढे धरून म्हणाला, "मास्तर, हे खरंच उडलं असतं काय?"

मी म्हणालो, उडलं असतं काय, उडतंच. बंगळुरात चाचणी चालू आहे, फक्त बोलू नकोस कुठे.

तो हसला. त्याला माझे बारा आणे कळायचे.

मग लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. आकाशात घार फिरली तरी बायका पोरांना आत ओढू लागल्या. आमच्या वऱ्हाडावर कोण कशाला बॉम्ब टाकणार? पण भीतीला असं विचारता येतं काय? आणि मला — खरं सांगतो — ती भीती आवडली. हॉटेलात आजवर लोक हसत ऐकायचे. आता श्वास धरून ऐकू लागले. मी सांगितलं की शत्रूनं नवं विमान काढलंय, त्रिकोणी पंखांचं, बिनआवाजाचं. काटेपूर्णेच्या पात्रातून इतकं खाली उडत येतं की म्हशीच्या पाठीला वारा लागतो. कापसाच्या जिनिंग कारखान्यांचे फोटो काढून जातं. आणि त्याचे हेर आपल्यातच राहतात; विमान ओळखू यावं म्हणून प्रत्येकापाशी त्याचा एक बारका नमुना असतो.

नमुना. हा शब्द मीच घातला. चहा गार होत होता आणि कोणी पीत नव्हतं. अशा वेळी माझ्या तोंडाला काहीही सुचतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण मला वाटलं, आपल्या डोळ्यांनी पाहावं, शत्रूकडे हेच विमान असतं तर कसं दिसलं असतं. गवईनं काढलेली वर्तुळं मी पुसली, सगळं हिरवं केलं आणि चंद्रकोर काढली. गवई कचेरीतून आला, बघत राहिला. म्हणाला, "मास्तर, हे पुसा. दिवस बरे नाहीत. अन् दिवाळीनंतर माह्या कायम व्हायचा कागद निघून राहिला." कायम होणं म्हणजे काय ते त्या काळच्या तात्पुरत्या कारकुनालाच विचारावं. गावी त्याच्या आईनं त्या भरवशावर त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती. मी म्हणालो, अरे, रंग वाळू तर दे.

रंग कोनाड्यात वाळत होता, तेव्हा बाबाराव काळे कागद नीट लागलेत की नाही पाहायला माडीवर आले.

तर — मी अंगणात उतरलो. गवई नळावर शर्ट धूत होता. तो नुसता उठून उभा राहिला, पिळलेला शर्ट हातातच. कोणीतरी चौकीवर धावलं होतं, हवालदार फाटकातून आत येत होता. बाबारावांनी विमान माझ्या नाकापुढे धरलं.

"तुमी हॉटेलात सांगत होते तो नमुना, तो हेच ना?"

माझीच गोष्ट माझ्या अंगावर आली होती. पाय असे हलत होते की धोतर असतं तर सुटलं असतं. पायजमा होता म्हणून वाचलो. बघा, अजून विनोद सुचतात. तेव्हा मात्र एकही सुचला नाही. हो म्हणावं तर माझ्याच खोलीत नमुना. नाही म्हणावं तर इतके दिवस गल्लीला भेवडवलं ते कशासाठी? परदेशी माल म्हणून मामेभावाचं नाव निघालं असतं. माझी शाळेतली नोकरी? हे सगळं मी आता मांडतोय. त्या क्षणी यातलं काहीच डोक्यात नव्हतं. फक्त माझ्या अंगठ्याच्या नखातला हिरवा रंग दिसत होता. मी मूठ मिटली.

"दिसतं खरं तसंच," मी म्हणालो.

"मंग मास्तर, हे इमान कोनाचं?"

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात, 'व' खाऊन टाकतात. मी त्यावरून लोकांना टोकायचो — पोरांना, पोरांच्या बापांना, गवईलाही. इमान नाही रे, विमान. इमान वेगळं असतं. आणि त्या सकाळी, सगळ्यांसमोर, अर्ध्या गालाला साबण असताना, मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासारखा बोललो.

"इमान माझं नाही," म्हणालो.

खोलीत आम्ही दोघंच राहत होतो. पुढचं काही बोलायची गरजच उरली नाही. सगळ्या माना नळाकडे वळल्या. गवईनं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. मी वर्तुळं पुसली त्या दिवशी पाहिलं होतं, तसंच. हवालदारानं त्याचं मनगट धरलं. ओला शर्ट खाली पडला, आणि तो उचलावा की नाही हे कळत नसल्यासारखा गवई क्षणभर वाकला. मग त्याला नेलं.

खेळणं आहे हे चौकीवर कळलं असेलच. काही दिवसांनी सोडलं त्याला. पण कचेरीत बातमी पोचली होती, आणि दिवाळीनंतरचा तो कागद काही निघाला नाही. तात्पुरत्या माणसाला काढायला कारण तरी कुठे लागतं? हे सगळं मला नंतर कळलं. मी त्याच दुपारच्या गाडीनं अमरावती गाठली होती. आईला म्हणालो, ताप आलाय. तापही इमानी — खरंच आला.

एवढंच असतं तर त्याला भ्याडपणा म्हणून सोडून देता आलं असतं. आता ते दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलेलं.

ताप उतरला आणि मी अमरावतीच्या हॉटेलात जाऊन बसलो. कोणीतरी म्हणालं, अकोल्यात हेर सापडला म्हणे? आणि माझं तोंड उघडलं. मी म्हणालो — माझ्याच खोलीत. मीच ओळखला. नाव गवई. रात्री उठून काड्यापेटीनं इशारे करायचा. बाकावर लोक सरकले, जागा झाली. त्या दिवशी सांगितलं, मग दिवाळीत सांगितलं, मग कौंडण्यपूरच्या जत्रेत दुकानामागे बसून सांगितलं. दरवेळी इशारे वाढत गेले. मी गवईला बिनतारी यंत्र दिलं, बनावट दाढी दिली. लोक शहारायचे. मला रात्री झोप नसायची, दारावर कोणी थाप मारली की मी आधी अंगठ्याचं नख पाहायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचो. का? मला विचारू नका. मला कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

काही वर्षांनी अंजनगावच्या एस.टी.त शेजारच्या माणसानं मला एक गोष्ट सांगितली. तिकडे एका गावी गवई म्हणून एक जण होता, हेर निघाला; ठरलेली सोयरीक मोडली; आई गेली तेव्हा खांदा द्यायला कोणी येईना. दाढी माझी होती. यंत्र माझं होतं. सोयरीक आणि आई मात्र माझ्या पदरची नव्हती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. तो माणूस म्हणाला, तुमाले भेव वाटून राहिलं काय? मी हो म्हणालो. इतक्या वर्षांत बोललेलं ते एक खरं.

त्याच्याकडूनच कळलं, गवई परतवाड्यात आहे. लाकडाच्या ट्रकांवर नंबर रंगवतो. पुढच्या बसनं गेलो. ट्रकमागे उकिडवा बसला होता, हातात बारीक ब्रश, आठाच्या आकड्याचं वरचं गोल काढत होता — श्वास रोखून, तसाच. मला पाहून उठला नाही. 

वाटेत मी स्वतःसाठी एक शेवटची गोष्ट रचली होती. की गवई त्या दिवशी मैत्रीखातर गप्प राहिला. मी त्याला खोली मिळवून दिली, त्या उपकारापोटी. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस — त्याच्यापुढे रडलं की हलकं वाटेल.

हॉटेलातल्या, जत्रेतल्या गोष्टींचं त्याच्यापुढे तोंडातून निघालंच नाही. ते आज पहिल्यांदा लिहितोय. एवढंच म्हणालो, "गवई, ते इमान माझं होतं. तुला तर ठाऊक होतं. मग अंगणात तू बोलला का नाहीस?"

त्यानं आठ पुरा केला. ब्रश चिंधीला पुसला.

"मले कोनी इचारलंच नाही, मास्तर," तो म्हणाला.