वेलापीच्या स्तुतीतली ओळ

म्भेक्वा गामेद्झे आमच्या इस्वातिनी देशातल्या लुबोम्बो डोंगराच्या पायथ्याशी राहायचा. खाली नजर टाकली की कंपनीचा ऊस दिसायचा, वर टाकली की दगड. गावची गुरं गोचिडांच्या औषधाच्या हौदातून पोहवून काढायची, हे त्याचं काम. त्या औषधाचा वास त्याच्या अंगाला कायमचा चिकटलेला. बायका म्हणायच्या, "म्भेक्वा आला गं, आता डाससुद्धा गाव सोडतील."

पण कुळात त्याला मान होता तो निराळ्या कारणाने. गामेद्झे कुळाची स्तुती त्याच्या मुखी होती. मूल जन्मलं, सून आली, माणूस गेलं, की म्भेक्वा गोठ्याच्या फाटकाशी काठी टेकून उभा राहायचा आणि पूर्वजांना नावानिशी हाक घालायचा. कुणी गेलं असेल तर कुळाच्या स्तुतीला त्याची स्वतःची स्तुती जोडायची: कुठे राबला, कशासाठी भांडला, काय सोसलं. दर ओळीला जमलेल्यांनी "तोच तो!" म्हणायचं. शेवटच्या ओळीला "तोच तो" झालं, की मगच माती. अर्धी स्तुती घेऊन गेलेल्याला पूर्वज ओळखत नाहीत. तो फाटकाबाहेर ताटकळत राहतो.

वेलापी हा म्भेक्वाच्या थोरल्या भावाचा मुलगा. ऊसतोड करायचा. कंपनीचं रान वाढत गेलं तेव्हा ज्या घरांवरून नांगर फिरला, त्यांत त्याचं जन्मघर होतं. तेव्हाच तो संघटनेत गेला. लोकांनी मत देऊन आपलं सरकार निवडावं आणि हाकललेल्यांना जमीन परत मिळावी, एवढंच संघटनेचं मागणं. पोलीस त्याला न्यायचे, चार रट्टे द्यायचे, सोडायचे. घरी येऊन तो सुजल्या ओठाने हसायचा.

मग दहशतवाद दडपण्याचा कायदा आला, आणि संघटना दहशतवादी ठरली. तिचं नाव घेणं गुन्हा झाला, तिचा सदरा घालणं गुन्हा, तिच्या माणसाला मदत करणंही गुन्हा. वेलापीने उसाच्या कोयत्याखेरीज कुठलंच हत्यार हाती धरलं नव्हतं. तरी त्याला आत टाकलं. तुरुंगातून तो खोकला घेऊन परतला आणि त्या खोकल्यातच गेला.

मयताच्या घरी गाव लोटतं, पण त्या दिवशी लोक बिचकत आले. शेजारीण आंबिलीचं मडकं घेऊन फाटकातच थांबली आणि तिथूनच ओरडली, "हे चुलीपाशी बसणाऱ्या बायांसाठी हं! त्याच्यासाठी नाही! ऐकलं ना सगळ्यांनी?"

"ऐकलं," म्भेक्वा म्हणाला. "मेलेला माणूस आंबील पीत नाही. ये आत."

दुपारी मुखियाचा निरोप्या आला. मफिका त्याचं नाव. वरचेवर घाम पुसत होता.

"काका, स्तुती म्हणा. कोण अडवतंय? फक्त संघटनेचं ते एक नाव वगळा."

"बैलाचं वर्णन करू आणि शिंगं वगळू?"

"शिंगं सांगा, खूर सांगा, शेपूट सांगा. पण ते नाव घेतलंत तर तुम्हीही दहशतवादी."

"मी? परवा त्या तांबड्या कालवडीने मला हौदात ढकललं. तिला धरा आधी."

मफिकाला हसू आलं, पण ते लगेच विरलं. "चेष्टा नको, काका. पोलिसांची जीप येणार आहे. या वयात तिथल्या फरशीवर झोपाल?"

तो गेल्यावर चटईवर घोंगडी पांघरून बसलेली वेलापीची बायको लामाझिया हलक्या आवाजात बोलली. "मामंजी, वगळणार?"

"तुझी पोरं लहान आहेत, सूनबाई."

"पोरं लहान आहेत म्हणून त्यांचा बाप अर्धा होत नाही."

 म्भेक्वा उठून हौदाकडे गेला आणि काम नसताना तिथेच बसून राहिला.

सकाळी, दव वाळायच्या आत, वेलापीला गोठ्यामागे नेलं. जीप बाभळीखाली उभी होती. म्भेक्वाने काठी टेकली. आवाज पहिल्यासारखाच निघाला, डोंगराला लागून परत येणारा. पणज्यांची नावं झाली, आज्यांची झाली. "तोच तो!" वेलापीचं जन्मघर आलं, त्यावरून फिरलेला नांगर आला, सुजलेला ओठ आला. "तोच तो!" पुढची ओळ संघटनेची. म्भेक्वाने जीपकडे पाहिलं. मान खाली घातली आणि ती ओळ सोडून थेट शेवटच्या ओळीवर गेला.

कुणीच "तोच तो" म्हटलं नाही.

हट्टाने कुणी गप्प राहिलं नव्हतं. आम्ही त्या ओळीची वाट पाहत होतो. माती हातात घेतलेली माणसं तशीच उभी राहिली. प्रार्थनेसाठी आलेला पाद्री खाकरला. म्भेक्वाने शेवटची ओळ पुन्हा म्हटली, या वेळी विनवणी केल्यासारखी. तरीही कुणी बोललं नाही.

तेव्हा बायकांत बसलेल्या लामाझियाचा आवाज घोंगडीखालून आला. आमच्यात सुनेने सासरच्या कुळाची स्तुती म्हणायची नसते. सासऱ्याचं नावसुद्धा तिने कधी उच्चारलं नव्हतं. ती म्हणाली, "संघटनेचा वेलापी, जो तिच्यासाठी तुरुंगात गेला आणि तिला विकून आला नाही." आणि संघटनेचं नाव तिने स्वच्छ, सावकाश घेतलं.

"तोच तो," लोक म्हणाले. मोठ्याने नाही. मग माती पडली.

मातीनंतर विधवेने घर सोडायचं नसतं. पोलिसांनी तिला घरातल्या चटईवरून उठवून जीपकडे नेलं. म्भेक्वा जीपपुढे आडवा उभा राहिला. "मला न्या! स्तुती माझी आहे!" एका पोलिसाने त्याला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी हळूच, जसं म्हाताऱ्यांना करतात. "आजोबा, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

तिला जामीन मिळाला नाही. दहशतवादाच्या आरोपात तो सहसा मिळत नाही, असं वकील म्हणाला. सुतकाची काळी वस्त्रं तुरुंगात उतरवून घेतली, तिथला झगा दिला. सुतक सुरूच झालं नाही, तर ते फिटणार कसं, असं कुळातले लोक एकमेकांना विचारत राहिले. पोरं म्भेक्वाच्या घरी आली.

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा तो औषधाचा वास घासून काढून गेला. जाळीपलीकडे ती बसली होती. वेळ थोडा होता. तिने पोरांचं विचारलं, गुरांचं विचारलं. मग म्हणाली, "मामंजी, हे पोचले का?"

सुनेच्या तोंडची ओळ पूर्वज धरत नाहीत, हे म्भेक्वाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

"पोचला," तो म्हणाला. "फाटक उघडंच होतं."

तिने मान हलवली. पहारेकरीण वेळ झाली म्हणाली.

पावसाळ्यात कुळात एक मूल जन्मलं. लोक म्भेक्वाला बोलवायला गेले. तो हौदाच्या कडेला बसून होता, गुरं पाण्यातून जात होती.

"दुसरं कुणी बघा," तो म्हणाला.

दुसरं कुणी नव्हतं.