कोळशाची इस्त्री

सातवीच्या मुलींना ऊर्जेचे स्रोत शिकवायचे म्हणून मी त्यांना भोईवाड्यात, शाळेमागच्या इस्त्रीवाल्याकडे नेलं. तो अजून कोळशाचीच इस्त्री वापरतो. इस्त्रीच्या तळाला आधी ओलं बोट लावणार, चर्र झालं की मगच शर्ट पसरणार. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला.

मुलींच्या वहीत दोन रकाने होते, संपणारे आणि न संपणारे स्रोत. कोळसा पहिल्यात गेला. त्याने मान वाकडी करून वही वाचली.

“बाई, ही इस्त्री उचलतो तो हात कुठल्या रकान्यात लिहायचा?”

“न संपणाऱ्यात!” मुली ओरडल्या. एकीने पेन टेकवलं, त्याच्या खांद्याकडे पाहिलं आणि टोपण लावून टाकलं.