तापीचं भूत

हसायचं तर आताच हसून घ्या बायांनो, मधेच हसलात तर मला पुढचं सांगता यायचं नाही. या वयात माझी फजिती झाली, आणि तीही कुणापुढे? एका लोखंडी नळीपुढे!

आमचं केळीचं शेत बुऱ्हानपूरला, तापीच्या काठाला. एका पुराच्या वर्षी आमचे हे म्हैस सोडवायला नदीकडे गेले ते गेलेच. म्हैस घरी आली, हे नाही आले. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. पण डोळ्यांनी पाहिलंच नाही, तर मन कसं मानणार?

यंदा सर्वेवाले आले. सगळे हिंदी बोलणारे. बांधाजवळ खोल भोक पाडलं, त्यात नळी घातली. त्यांचा साहेब मोठा गोड पोरगा. मला म्हणतो, "माँजी, आपके खेत में भूतापीय स्रोत है."

आता तुम्हीच सांगा, मला काय ऐकू आलं असेल? भूत! आणि तेही तापीचं!

मी तिथंच बांधावर बसले. "कब से है, बेटा?"

"बरसों से नीचे दबा है. बहुत गरम है."

गरम असणारच! इतकी वर्षं कुणी साधी विचारपूस केली नाही!

"क्या मंगता है?"

"कुछ नहीं माँजी, बस ऊपर आने का रास्ता."

मी पदर डोळ्याला लावला. "और ऊपर आया तो?"

"बिजली बनाएँगे."

"नको रे बाबा! बिजली से बहोत डर लगता है!" अहो, यांच्यासाठी घरातलं बटणसुद्धा मीच दाबायची!

त्याला वाटलं, मीच भिते. "डरिए मत माँजी, एकदम साफ है. न धुआँ, न राख."

साफ तर होतेच. पावसाळ्यातही दोनदा आंघोळ!

दुसऱ्या दिवशी मांडे केले, आमरस काढला, ताट घेऊन नळीपाशी बसले. पूजा असेल समजून सर्वेवाल्यांनी टोप्या काढल्या, यंत्र थांबवलं. मी नळीला तोंड लावलं.

"अहो, मी आहे. रागावू नका. फार शोधलं हो तुम्हाला. पोराचं लग्न झालं. सून चांगली आहे, फक्त मीठ जास्त घालते. आता या वर."

आतून गुडगुड झाली. वाफ आली, आणि मागोमाग गरम पाणी!

"आले! आले!" मी ओरडले.

सून सरला केळीतून धावत आली. "कोण आलं, आई?"

"तुझे सासरे!"

सरलानं साहेबाला विचारलं, मग कपाळावर हात मारला. "अवं आई, भूत नाही! भू म्हणजे जमीन, ताप म्हणजे ऊब. जमिनीच्या पोटातली ऊब! तिच्यावर वीज करतात. आणि मीठ कधी जास्त घातलं मी?"

तिनं त्याला माझी सगळी कथा सांगितली. तो हसला नाही. माझ्याजवळ खाली बसला. "गलती मेरी है, माँजी. सीधे गरम पानी बोलना था."

मी मांडा पुढे केला, त्यानं दोन्ही हातांनी घेतला. मग मी आधी हसले, मग रडले. इतकी वर्षं छातीत राहिलेलं बोलून झालं होतं. नळीला तर नळीला!

वीज होईल तेवढा जोर त्या पाण्यात आहे का, ते अजून तपासताहेत. तोवर सरला त्यात धुणं धुते, मी आंघोळ करते. भू म्हणजे जमीन, ताप म्हणजे ऊब, सगळं तोंडपाठ आहे मला.

तरी त्या बादलीपुढे लुगडं सोडताना मेली अजून लाज वाटते!