अकरा किलोची बग्गी

गाडी विकणाऱ्या साहेबांनी मला तीनदा विचारलं, "घर में चलाएगा कौन?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "मैं." चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यांची बदली झाली होती, सामान ट्रकमध्ये चढत होतं, आणि ही तेलकट वस्तू नव्या घरी येणार नाही असं त्यांच्या बायकोनं त्यांना बजावलं होतं.

वस्तू म्हणजे रिमोटवर चालणारी बग्गी. सेलवर चालणारं खेळणं नव्हे. अडीच-पावणेतीन फूट लांब, अकरा किलो वजनाची, मागे शर्यतीच्या गाडीसारखा आडवा पंख, खाचांची रुंद टायरं, आणि पोटात गवत कापायच्या मशीनला असतं तसलं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. एका रविवारी मी ती सेक्टरच्या मैदानावर धावताना पाहिली होती. मुरमाच्या उंचवट्यावरून ती हवेत उडाली, चारही चाकं फिरत ठेवून खाली आली आणि धुळीचा पट्टा मागे सोडून निघून गेली. मला ती हवीशी वाटली. एवढंच कारण. लोकांना याहून मोठं कारण लागतं. ते माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. लग्न केलं नव्हतं. सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये आई आणि मी. वडील भंडाऱ्याकडची शेती आपल्या भावांवर सोडून इकडं हिंदी मुलखात, पोलादाच्या प्लांटात लागले होते. ते गेले, पुढे मीही प्लांटातच लागले आणि क्रेन चालवू लागले. शेडच्या छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन. केबिनमध्ये बसून मी टनावारी लोखंड उचलते आणि खालच्या माणसानं हात दाखवला तिथं अलगद ठेवते. त्यामुळे अकरा किलोची गाडी आपल्याला जड जाणार नाही, असा माझा समज होता.

पहिला आठवडा ती सुरूच झाली नाही. पेट्रोलमध्ये पंचवीसास एक या मापानं ऑइल घालायचं, चोक लावायचा, छोटा रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणायचं आणि दोरी ओढायची. मी ओढत राहिले. तळहाताला फोड आले. आई पडवीत बसून पाहत होती.

"माह्या खोकल्याच्या औषधाचं माप कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"ऑइल मोजलं मी त्यानं."

"मंग आता खोकला आला त मी का पेट्रोल पेऊ?"

तिला नवं माप आणून दिलं. इंजिन मात्र थंडच. शेवटी लक्षात आलं की चोक फार वेळ लावून मीच त्याला पेट्रोलनं बुडवलं होतं. प्लग काढला, तो चिंब ओला. गाडी उलटी करून दोरी ओढली तेव्हा आतलं पेट्रोल शिंतोड्यांनी बाहेर आलं. प्लग पुसला, वाळवला, परत बसवला. तिसऱ्या ओढीला ती खोकली. मी चोक काढला. चौथ्या ओढीला जो काही आवाज झाला, त्यानं अख्खी गल्ली बाहेर आली. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईंनी गॅस बंद केला, का ते त्यांनाच ठाऊक. मी निळ्या धुरात उभी होते आणि हसत होते. गेल्या कित्येक वर्षांत मी तशी हसले नव्हते.

रविवारी सकाळी गाडी स्कूटरवर पायांजवळ आडवी ठेवून मैदानावर नेली. एका कडेला प्लांटातलीच माणसं क्रिकेट खेळत होती. मी दुसऱ्या कडेला गेले. गाडी माझ्यापासून दूर जात होती तोवर सगळं सुरळीत होतं. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. मग मी तिला वळवून माझ्याकडे आणलं, आणि तिथं सगळं उलटलं. गाडीचं तोंड आपल्याकडे असलं की तिचा उजवा तो आपला डावा. क्रेनमध्ये असं कधी होत नाही. तिथं मी स्वतः क्रेनसोबत सरकते. इथं मी जागेवर उभी आणि गाडी अंगावर येतेय. मी रिमोटवरचं छोटं चाक फिरवलं ते नेमकं चुकीच्या बाजूला, आणि बग्गी फुटबॉलच्या गोलपोस्टवर जाऊन आदळली. पुढच्या चाकाचा दांडा मोडला.

क्रिकेट थांबलं. कुणीतरी ओरडलं, "आंटी, घर जाकर चूल्हा संभालो!" बाकीचे हसले.

मी गाडी उचलली. मोडलेलं चाक लोंबत होतं. त्यांच्या खेळपट्टीच्या बाजूनंच स्कूटरकडे चालत गेले. दुसरा रस्ता होता, तरी तिथूनच गेले. ओरडणाऱ्यासमोर थांबून म्हणाले, "अगले संडे फिर आऊँगी. देखना हो तो देख लेना."

दांडा मागवला. तो बसवताना कळलं की इंजिनच्या थरथरीनं निम्मे स्क्रू आधीच सैल झालेत. प्रत्येक स्क्रू काढून, आट्यांना धरून ठेवणारा डिंक लावून पुन्हा कसला. आणि उलट्या दिशेचा सराव मी घरातच केला. आई स्वयंपाकघरातून पडवीकडे माझ्या दिशेनं चालत यायची आणि मी हातात रिमोट धरून, तिला तिच्या उजव्या बाजूला न्यायचं तर चाक कुठं फिरवायचं, ते आधी बोलायचे नि मग फिरवायचे.

"आता डावीकडे वळ, आई."

"माह्या डावीकडे का तुह्या?"

"तेच त शिकून राहिली ना मी."

आठ दिवस तिनं हे सोसलं. नवव्या दिवशी ती पडवीच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "आता गाडी बिघडली." पण तोवर माझ्या हाताला कळलं होतं.

पुढचे तीन रविवार मी मैदानावर आठाचा आकडा काढत राहिले. क्रिकेटवाले आधी बघायचे, मग बघेनासे झाले. मला वाटलं, जमलं. आणि चौथ्या रविवारी खरी चूक केली.

रिमोटला आठ सेल लागतात. नवे आणायचे राहिले होते, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळातले, टीव्हीच्या रिमोटमधले, खणात पडलेले असे गोळा करून घातले. गाडी भरधाव असताना हातातला रिमोट मेला. दिवाच विझला. गाडीला शेवटचा हुकूम पोचला होता तो 'जोरात', आणि ती तो पाळत राहिली. मैदान ओलांडून ती सरळ फिरायच्या वाटेकडे निघाली. तिथून एक निवृत्त गृहस्थ सायकल हातात धरून चालत येत होते. मी ओरडत धावले. ते बाजूला उडी मारून वाचले, त्यांची चप्पल तिथंच राहिली, आणि बग्गी सायकलच्या मागच्या चाकात घुसून बंद पडली.

मी पोचले तेव्हा ते चाकाच्या वाकड्या तारा बोटानं चाचपत होते. म्हणाले, "आज साइकिल है. कल आदमी होगा."

"आप सही कह रहे हैं," मी म्हणाले. आणखी बोलण्यासारखं काही नव्हतं. सायकल मागून घेतली, पायी ढकलत घरी आणली, मग बग्गी आणायला परत गेले.

संध्याकाळी दुर्गहून माझा थोरला भाऊ आला. तो तेव्हा रेल्वेत नोकरीला होता. बातमी त्याच्यापर्यंत इतक्या लवकर कशी गेली, ते मी विचारलं नाही. चपला काढण्याआधीच तो म्हणाला, "बाई, विकून टाक ते."

"कावून?"

"कावून म्हणजे? लोकं हसून राहिले. या वयात शोभते का तुले?"

"कोणत्या वयात शोभली असती, दादा? घरात एक चावीची मोटार होती, ते तुही होती. मी हात लावला त तू पाठीत धपाटा द्यायचा."

तो जरा गडबडला. "ते जुनं झालं. आज कोनी मेलं असतं मंग?"

"हे तू बरोबर बोलला. मी मरेले सेल घातले, हे माही चूक. त्या काकाची सायकल मी नीट करून देईन. पन हेच एखाद्या मानसाच्या हातून झालं असतं, त तू त्याले सेल बदल म्हनला असता. मले गाडी विक म्हनून राहिला."

आईनं चहा आणून ठेवला. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. भावानं चहा घेतला, उठला, आणि दारातून म्हणाला, "तू कधी आयकलं कोनाचं?" ते बोलणं मला लागावं असं त्याला वाटत होतं. मला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून सुटून सायकल कॅम्प वन वस्तीतल्या सायकलच्या दुकानात नेली. तारा, रिम, सगळं नवं. ती होईतो बाकड्यावर बसून बग्गीचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, जे मी पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: रिमोटचा संबंध तुटला की गाडीनं आपोआप ब्रेक लावावा, अशी सोय असते, पण ती मालकानं स्वतः लावून घ्यावी लागते, आणि दर वेळी तपासावी लागते. मी ती लावली. चाकं जमिनीवरून उचलून वीसदा तपासली. शिवाय इंजिन तोडणारं एक वेगळं बटण बसवलं.

सायकल परत द्यायला गेले तेव्हा त्या गृहस्थांनी आधी चाक फिरवून पाहिलं, मग मला. मी त्यांना सांगितलं, "संडे को आइए. मैं चलाऊँगी, आप रिमोट बंद कीजिएगा."

ते येतील असं वाटलं नव्हतं. आले. क्रिकेटवालेही मॅच सोडून गोळा झाले. चूक पुन्हा होते का, ते सगळ्यांना पाहायचं होतं. मैदानाच्या मध्यावर, वाटेपासून लांब, मी चुन्याची रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे सगळ्यांना उभं केलं. गाडी पूर्ण वेगात सोडली. "अब," मी म्हणाले, आणि रिमोट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी अंगठ्यानं बटण बंद केलं. बग्गी मुरमात घसरली, मागचं टोक थोडं वळलं, आणि ती उभी राहिली. इंजिन संथ चालत होतं.

"एक बार और," ते म्हणाले.

चारदा करून दाखवलं. मग त्यांनी मान हलवली आणि फिरायला निघून गेले. शाबासकी दिली नाही. मीही मागितली नव्हती. चुल्ह्याचं बोलणारा माणूस पुढे झाला आणि एकदा चालवून पाहू का म्हणाला. मी त्याला दिली. त्यानं माझ्यासारखंच वळवून स्वतःकडे आणली आणि माझ्यासारखीच गोलपोस्टवर नेली. या वेळी हसायला मीही होते.

भाऊ दोन महिने आला नाही. मग आला, आणि बग्गीचा विषय काढला नाही. मी पडवीत तिचं एअर फिल्टर धूत होते. तो तिच्याकडे पाठ करून बसला आणि गावाकडं धान कसं झालं ते सांगत राहिला. ठीक आहे. पटलं पाहिजे असं कुठं आहे?

त्या थंडीत एका सकाळी आई स्वतःहून म्हणाली, "मले ने." चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, स्वेटरवर शाल घेऊन स्कूटरवर बसली. बग्गी आणि खुर्ची मी आधीच मैदानावर ठेवून आले होते. आईला खुर्ची दिली. गाडी उंचवट्यावरून उडाली तशी ती अर्धी उठली.

मग म्हणाली, "माह्या बापाचे पटाचे, शर्यतीचे बैल होते. शंकरपटाले पार साकोलीपर्यंत न्यायचा. चारा मी घालो, पानी मी पाजो, अंग मी पुसो. पट मात्र एकदाबी पाहू देला नाही. पोरीची सावली पडली का बैल हरते म्हने."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

"दे ते इकडं," ती म्हणाली.

मी तिच्या हातात रिमोट दिला, वेग अगदी कमी करून. तिनं तो पातेल्यासारखा दोन्ही हातांनी धरला. गाडी रखडत, नागमोडी निघाली, एकदा मोठा गोल घेतला आणि कडेच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. काढली तेव्हा मागचा पंख मधोमध तुटला होता.

"मोडलं का?"

"पंख मोडला, आई."

"त्याच्याशिवाय चालत नाही का?"

"चालते."

"मंग चालू कर," ती म्हणाली, आणि रिमोट काही तिनं परत दिला नाही.