पुढची काच

आमचा दादा काचवाला. चाळीस वर्षं लोकांच्या दारा-खिडक्यांना काचा बसवल्या त्यानं. कुठंही गेला की आधी दारावरच्या काचेवर नख वाजवणार आणि ती कसली आहे ते सांगणार. गिऱ्हाईक म्हणालं, दाराला साधीच लाव, की साधी फुटली तर तिच्या सुऱ्या होतात म्हणत हा सामान उचलून परत. एवढा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी त्याची सख्खी बहीण आहे.

वहिनीला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. तेव्हा त्यानं ती विजेवरची गाडी घेतली. नवी कंपनी, आणि ती डबघाईला आलीय असं पेपरात येत होतं. सवलत उगाच मिळते का? मी कानीकपाळी ओरडले. तो म्हणाला, कंपनी बुडाली तर गाडी काय तिच्याबरोबर बुडणार आहे? खरं सांगते, गाडी बघून माझंही तोंड बंद झालं. दार एवढं रुंद की वहिनी चाकांच्या खुर्चीसकट आत. पुढची काच थेट डोक्यावरून मागे गेलेली, एकसंध. आठवड्यातून तीनदा व्यायामाला जाताना वहिनी आभाळ बघत बसायची.

आठ महिन्यांत कंपनीला टाळं लागलं. शोरूममध्ये गाद्या विकायला लागले. मग एक खडा उडाला आणि काचेला चीर गेली, ती रोज बोटभर वाढायची. गाडी ठणठणीत, पण तशी वळणाची काच कुणीच करत नव्हतं. दुसऱ्या गाडीत चढवताना आम्ही वहिनीला एकदा पाडलीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, उजव्या हाताची बोटं हलायला लागलीत, आता खंड पाडू नका. आणि तीन आठवडे ती घरातच.

मधे पापुद्रा असलेली, फुटली तरी जागेवर राहणारी काच दादानं मागवली. सपाट तर सपाट, तुकडे जोडून बसवणार होता. ती यायला पंधरा दिवस होते. तोवर म्हणून त्यानं दुकानातली साधी काच कापून लावली. गाडीत बसताना मी त्या काचेकडे बघितलं, त्यानं नजर चुकवली. मीही गप्प बसले. त्याच्यापेक्षा माझाच राग मला जास्त येतो.

चौथ्या खेपेला पुढच्या टेम्पोतून अर्धी वीट पडली आणि उसळून आली. काच सगळी आत. चेहरा झाकायला वहिनीनं हात वर केला, तिचा चांगला हात, डावा.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसली काच होती.

"साधी," दादा म्हणाला. "मीच कापलेली."

मनगटातलं जे तुटलं ते नीट जुळलं नाही. तो हात आता पेलाही धरत नाही.

मागवलेली काच ठरल्या दिवशी आली. दादा वहिनीला भरवत होता, उठला नाही. मीच जाऊन उतरवून घेतली.