धारणी मागून घेतलेल्या बाई

टेबलावर दोन्ही तळवे टेकवून आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणायच्या, "सांगून टाकते, मंग चहा पिऊ." कडू बोलणं आधी, चहा नंतर. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी तेच ऐकवलं. "सायेब, छत गयते. पोरी छत्री धरून पाढे म्हनतात. झालं सांगून. आता चहा घ्या." साहेबांनी मुकाट्यानं घेतला.

मी अमरावतीहून अकोटच्या त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. बाई चाळिशीच्या, जवळच्याच खेड्यातल्या मोठ्या शेतकरी घरच्या. लग्न केलेलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंबरोबर एका घरात राहायच्या. टायफॉइडनं दवाखान्यात पडल्या होत्या, तेव्हाची ओळख. नर्सबाईंनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. घरात एकाच फळीवर गणपती आणि बुद्ध.

गाव बोलायचं ते जातीवरून. दुसरं काही कुणाच्या मनातही येत नसे. मी मात्र एकदा बाईंना दारात वाट पाहताना पाहिलं. नर्सबाई वळणावर दिसल्या आणि बाईंचा चेहरा असा उजळला, की मीच नजर खाली घातली. नवऱ्याची वाट पाहणारी बाई तुम्हीही पाहिली असेल. हे तेच होतं.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक आली. बाईंचा धाकटा भाऊ सत्तेतल्या पक्षाकडून उभा राहिला, त्याच्या विरोधात नर्सबाईंच्या समाजातला उमेदवार. नोकरीमुळे नर्सबाई सभेला जात नसत, पण त्या कुणाच्या बाजूनं आहेत हे सगळ्या अकोटला ठाऊक होतं.

भाऊ एका संध्याकाळी आला. मी तिथंच बसले होते.

"हे घर सोड," तो म्हणाला. "लोक मले हसून राहिले. अकोल्यात एक स्थळ हाय. बिजवर हाय, पन मानूस चांगला."

बाईंनी गुडघ्यांवर तळवे टेकवले. "सांगून टाकते. माह्यं लगन झालं समज."

"कोनाशी?"

बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. भाऊ चहा न घेताच निघून गेला.

मतदानाच्या दिवशी मी विचारलं, "मत कुणाला दिलंत?"

"भावाले. कडेवर खेळवलं त्याले मी."

"आणि नर्सबाईंनी?"

"तिनं तिच्या मानसाले. सकायपासून बोलून नाही राहिली माह्याशी."

भाऊ निवडून आला. मिरवणूक बाईंच्या दारावरून निघाली, तेव्हा नर्सबाईंनीच झेंडूचा हार आणून बाईंच्या हातात दिला. "जाय, घाल तुह्या भावाले."

बाई पुढे झाल्या. भावानं मान मागे घेतली. वाजंत्री पुढे गेली. बाई हार धरून रस्त्यात तशाच उभ्या, पदरावर दुसऱ्यांनी उधळलेला गुलाल.

नर्सबाई पायरी उतरून आल्या. त्यांनी तो हार घेतला आणि बाईंच्या गळ्यात घातला. बाईंनी तो काढून नर्सबाईंच्या गळ्यात घातला. रस्त्यावर माणसं होती. कुणी हसलं नाही. आपण काय पाहिलं, हे त्यांना कळलंच नसावं.

थोड्याच दिवसांत नर्सबाईंची बदली धारणीला झाली. मेळघाटात खुशीनं कुणी जात नसे. बाईंनी मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून तिथली साधी शिक्षिकेची जागा मागून घेतली.

"इतक्या लांब, जंगलात?" मी म्हटलं.

"मंग? तिले एकटीले करमन का तिथं?"

काही वर्षांनी तो भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसला. पार वाळला होता. आई गेली, हे बहिणीला सांगायला तो धारणीला जाऊन आला होता. पण बाई त्याआधीच हिवतापानं गेल्या होत्या. अग्नी नर्सबाईंनी दिला होता.

"त्या बाईले हाक मारावं तं काय म्हनून, समजेना मले," तो म्हणाला. "वैनी नाही, मेहुनी नाही. निंगताना तिनं भाकर बांधून देल्ली हातात. तवा तोंडातून निंगालं, येतो, ताई."

तो उठला आणि इकडेतिकडे टोपी शोधू लागला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.