आधीच लिहून ठेवलेली खुशाली

राजाराम मयेकरांची छत्तीस वर्षं बोटीवर गेली, त्यातली वीस सुकाणू धरून. भोईवाड्याच्या चाळीत सगळे त्यांना सारंगकाका म्हणतात. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, ते कधीच नव्हते, पण स्वतःहून कोणाला सांगायलाही गेले नाहीत! भर वादळात आपला चहा सांडला नाही म्हणणारा हा माणूस गेले नऊ दिवस दहा बाय बाराच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता.

कारण मुलगा, कल्पेश. तोही बोटीवर, थर्ड ऑफिसर. लढाई पेटलेल्या आखातात त्याची तेलाची बोट शिरली आणि फोनवर बोटी दाखवणाऱ्या नकाशातला तिचा ठिपका नाहीसा झाला. धोक्याच्या पाण्यात बोटी मुद्दाम आपला ठावठिकाणा लपवतात, हे राजारामना माहीत होतं. पण बोट बुडाली तरी ठिपका असाच जातो, हेही माहीत होतं.

बायकोला, शेवंतीबाईंना, त्यांनी सांगितलं, "फोनला नेटवर्क नाय गो तिकडे. मेल येतोय ना रोज?"

मेल येत होता. संध्याकाळी सातच्या ठोक्याला. 'आई, मजेत आहे. जेवलो. काळजी करू नको.' शेवंतीबाई मोठ्याने वाचायच्या आणि लगेच उत्तरात त्याला काहीबाही विचारायच्या. राजाराम मात्र ऐकता ऐकता उठून गॅलरीत जायचे.

का? तर सत्त्याऐंशी साली इराण-इराकच्या लढाईत त्यांची बोट त्याच पाण्यात जायची होती. तिथून पत्र टाकायची सोय नव्हती. पठ्ठ्याने काय करावं? आदल्या बंदरात बसून सहा पत्रं लिहिली, त्यांवर पुढच्या तारखा घातल्या आणि एजंटच्या हातात दिली. दर आठवड्याला एक टाक बाबा. घरी बायको निर्धास्त! ही हुशारी त्यांनी जन्मभर मिरवली. गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, आणि कल्पेशला तर मांडीवर घेऊन.

आता पोरगा तेच करत होता, फक्त मेलला आपोआप जायच्या तारखा लावून. म्हणजे सातला 'जेवलो' म्हणणारा कल्पेश जिवंत आहे की नाही, ते देवालाच ठाऊक. कंपनीत फोन करावा तर, "काही कळलं की कळवू."

दहाव्या दिवशी मेल आला. शेवंतीबाईंनी वाचला आणि फोन बाजूला ठेवला. उत्तर टाकलंच नाही. राजारामना राहवेना.

"शेवंती, हे मेल त्याने आधीच लिहून ठेवलेत गो."

"माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी कळलं. मी विचारते एक, येतं भलतंच. मला काय हे नवीन आहे?"

"म्हणजे?"

"तुमचं तिसरं पत्र आलं ना, त्याच्या आदल्या दिवशी आपली बेबी तापाने गेली होती. पत्रात तुम्ही लिहिलेलं, बेबीला माझा पापा दे. चौथ्यातही तेच. सहाव्यातही तेच. मी इकडून लिहितेय, या हो लवकर, आणि तुमचं आपलं सगळं मजेत."

पोर गेल्याचं राजारामना मुंबईला उतरल्यावरच समजलं होतं. पण ती गेल्यावरही आपली पत्रं घरी येत राहिली असतील, हे इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? चाळभर कौतुकाने सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर परदेशातला. राजारामचा हात पुढे होईना, शेवंतीबाईंनी उचलला.

"आई, सुटलो गं तिथून. सगळे ठीक आहोत."

शेवंतीबाई ढसाढसा रडल्या. राजारामनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"गाढवा, पुन्हा असले मेल लिहून ठेवलेस तर घरात घेणार नाय!"

"पण बाबा, तुम्हीच तर..."

"मी महागाढव होतो! भीती वाटली तर भीती वाटते म्हणून लिही. लिहिता येत नसेल तर काहीच लिहू नको. आम्ही दोघं घाबरत बसू इथे, पण एकमेकांना सांगून घाबरू."